फ्रिजमधलं बियाणं

तरसाली, बडोदे
२० ऑक्टोबर १९९१

प्रिय आनंददादास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. नयनावहिनीचा रक्तदाब आता ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात नव्या बॉयलरची उपकरणं जुळवणं चालू आहे, त्यामुळे घरी यायला उशीर होतो.

यंदा परसात लसूण होणार नाही. गेल्या वर्षी पात भरघोस आली, पण खाली गड्डाच धरला नाही. शेजारच्या कांचनबेन म्हणाल्या, "लीलुं लसण तो खाधुं ने?" म्हणजे हिरवी पात तरी खाल्ली ना? इथली थंडी त्याला पुरत नाही. म्हणून यंदा निवडक गड्डे डब्यात घालून भाद्रपदातच फ्रिजमध्ये ठेवले होते. आधी गारवा मिळाला तर लावल्यावर गड्डा धरतो. डब्यावर 'बियाणे' अशी चिठ्ठीही लावली होती.

आईने तो सगळा लसूण सोलून वरणाच्या फोडणीत घातला. चातुर्मासात. त्याच वरणाचा देवाला नैवेद्य दाखवला. मी विचारलं, तर हसून म्हणाली, "निरू, कार्तिकीच्या आधी आपल्या घरात लसूण आलाय कधी?" तिच्या बोटांना वास येत होता.

एका गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून नुसतं लक्ष ठेवलं. मग एकदा गॅस न पेटवताच सुरू राहिला. नंतर आई भाजी आणायला गेली, तर परत येताना तिला घर सापडेना. कांचनबेननी हात धरून आणली. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल. किती वेगाने, ते त्यांना सांगता आलं नाही. मी दोनदा विचारलं.

तुला कळवायचं नाही, अशी आईने मला शपथ घातली होती. दिवाळीनंतर ती वहिनीच्या बाळंतपणासाठी तुझ्याकडे यायची आहे, झबली शिवून तयार आहेत. वहिनी कामावर रुजू झाली की बाळ दिवसभर आईकडे राहील, असं तू लिहिलंस. तसं करू नकोस, दादा. तासभरही नाही.

इथवर लिहून पत्र तिच्या हातात दिलं. तिच्या नकळत ते टपालात टाकणं मला जमेना. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं. बराच वेळ झबल्याचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "पुढे लिही. बाळाला मी मांडीवर घेणार. पण नयना समोर बसली असेल तेव्हाच."

तेवढं तिला मिळू दे.

शपथ मोडलेली,
तुझी निरू