राख धरलेला कोळसा

मंगळवार, ४ मार्च
कोळशाची ग्रिल घरी आली. जोडताना दोन स्क्रू उरले. जास्तीचे दिले असणार. रविवारी साडू सहकुटुंब जेवायला येणार. नऊ वर्षं त्याच्या गच्चीवर चिकन खातोय आणि हिच्या तोंडून त्याचं कौतुक ऐकतोय. कान किटले. या रविवारी ही माझं कौतुक करणार. ठरलं.

बुधवार, ५ मार्च
माहितीपत्रक वाचलं नाही. विस्तव पेटवायला पुस्तक कशाला? वीस मिनिटांत कोळसा वरून पांढरा पडला. म्हणजे संपला! दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. शी. नवा ओतला. धूरच धूर. शेजारीणबाईंनी वाळत घातलेल्या चादरी काढून नेल्या. खिडकीही धाडकन लावून घेतली.

शुक्रवार, ७ मार्च
दुसऱ्या दुकानातला कोळसा. तोही पांढरा पडतो. धंदाच नासलाय. माझा नियम: पांढरं दिसलं की नवा ओता. वीतभर जाळ. दोन तंगड्या लावल्या. बाहेरून काळ्याठिक्कर, आतून गुलाबी. मांजराला घातल्या. त्याने वास घेतला आणि निघून गेलं. हल्ली मांजरांनाही चव राहिलेली नाही. ही म्हणाली, भावोजींना फोन करून विचारा ना. जेवणावरची वासनाच उडाली.

रविवार, ९ मार्च
दुपारी १२. पेटवला. टेबलफॅन लावला. ठिणगी नव्या शर्टाच्या बाहीवर. किरकोळ.

१.१५. पांढरा. नवा ओतला. मेव्हणी म्हणाली, वास छान सुटलाय. बाहीचा होता.

२.००. पांढरा. नवा ओतला. साडूची मुलं बिस्किटं खाताहेत.

२.४०. पुन्हा पांढरा. पोतं रिकामं. कोळसा मेला, हॉटेलातून मागवू, असं जाहीर केलं. साडू उठला. म्हणाला, साडूबुवा, आता कुठे तयार झालाय, राख धरली की खरी धग. निखारे एका बाजूला लोटले, चिकन दुसऱ्या बाजूला, वर झाकण. बस. माझ्या हातातला चिमटा त्याने कधी घेतला, कळलंही नाही.

म्हणजे बुधवारपासून दर वेळी तयार विस्तव मीच बिघडवत होतो. किळस आली. कोळशाची, साडूची आणि माझीही.

संध्याकाळी ५. चिकन लोण्यासारखं. ही म्हणाली, भावोजी, तुमच्या हाताची चवच वेगळी. एकाही तुकड्याला शिवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. चार खाल्ले. पाचवा साडूच्या धाकटीने तिच्या ताटात उष्टा टाकला होता, तोही.