बंद घड्याळ घरात नको

प्रिय बाबा,

आज खंडेनवमी. दादाच्या गुरुग्रामच्या घरातून पूजा अर्धवट टाकून उठून आले. इतकी किळस आली! तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुमच्यामागे पणजोबांचं खिशातलं घड्याळ दादाकडे गेलं. थोरला ना तो! आज पाटावर त्याला हळदकुंकू वाहताना बघते, तर सेकंदकाटा टकटक उड्या मारतोय. आपलं घड्याळ तर कित्येक वर्षं बंद होतं! आणि चावीच्या घड्याळाचा काटा उड्या मारत नाही, सरकतो, हे तुम्हीच शिकवलंत ना?

मागचं झाकण उघडलं. आत प्लास्टिकचं, सेलवर चालणारं मशीन. शी!

"दादा, जुनं मशीन कुठंय?"

"अगं यार, बंद घड्याळ नव्या घरात ठेवत नाहीत, वास्तूला चालत नाही. मॉलमध्ये बदलून घेतलं. तिथला घड्याळवाला विचारत होता, 'पुराना वाला दे दूँ?' मी म्हटलं, 'फेंक दो.' बाहेरून तेच आहे ना?"

तिकडे वहिनी शेजाऱ्यांना सांगत होती, "डेढ़ सौ साल पुराना है, बिल्कुल ओरिजिनल!" तोंडातला पेढा थुंकून टाकावासा वाटला.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आत्या तुम्हाला चिडवायची, आठवतं? "पणजोबांचं कसलं? जामा मशिदीजवळच्या जुन्या बाजारातून उचललंय यानं!" सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात, पण मग जेवण जायचं नाही तुम्हाला. मला हळूच म्हणायचात, "घड्याळाचं वय तबकडीवर नसतं गं. आतल्या पितळी मशीनवर नंबर असतो, त्यावरून कळतं. रिटायर झालो की उघडून बघू."

मग का नाही बघितलंत? मी भिंग आणून किती मागे लागले होते! आत्याचंच खरं निघेल अशी भीती होती का? निदान मला तरी उघडू द्यायचंत!

आता तो नंबर कुठल्या कचऱ्यात पडला असेल? खरं मशीन आत होतं तेव्हा तुमच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि आज या प्लास्टिकला सगळे हात जोडतायत. दादाचं तोंड बघायची इच्छा नाही मला.

तरी उद्या सोनं द्यायला फरीदाबादला आत्याकडे जाणार आहे. दादाही येईल. त्याच्यासमोरच आत्याला सांगेन, "ते पणजोबांचंच होतं. पुरावा यानं फेकला."

ती हसेलच. पण बाबा, वचन देते, मी तुमच्यासारखी तिच्याबरोबर हसणार नाही.

तुमची, अजून धुमसणारी,
मीनू