मागचा बोल्ट खलास

गुरुवार, संध्याकाळ, सित्रा, बहरीन

जेटस्कीच्या सायलेन्सरचा तो मागचा बोल्ट! हात जाईना, म्हणून लांब दांड्याला वाकणारा जॉइंट लावून गोटी पाना कसाबसा पोचवला, तर बोल्ट नुसताच फिरत राहिला. आटे गेलेले. जेटस्कीचे बहरीनी मालक गॅरेजच्या दारातच उभे होते. मी म्हणालो, "बोल्ट खलास." म्हणजे कामातून गेला. ते हसले, "खलास? यल्ला!" म्हणजे चला. मी नवा बोल्ट शोधायला आत गेलो, तेवढ्यात जेटस्कीचा ट्रेलर गाडीला जोडून ते निघूनही गेले. बारा वर्षं इथे राहून मला कळू नये, त्यांचं खलास म्हणजे काम झालं? भर समुद्रात तो बोल्ट सुटला तर? दहादा फोन केला. आत्ता व्हॉइस मेसेज आलाय. वाऱ्याच्या आवाजात एकच शब्द कळतोय, "खलास."

त्यांचं खलास, की माझं?