नाकेबंदीच्या वर्षातली रजेची यादी

अण्णा,

काल आईचा फोन आला होता. शेजारी नवं बिऱ्हाड आलंय, त्यांनाही तिने आपली गोष्ट सांगून झाली. मुलगी परदेशात रजेच्या यादीवर अडकली होती, बाप इकडे अंथरुणाला खिळलेला, पण पोरीने स्वतःचं नाव वर सरकवलं नाही आणि बापालाही शेवटपर्यंत त्याचा अभिमानच वाटला. ती हे सांगत असते तेव्हा मी मध्ये बोलत नाही. काल मात्र फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावायचात. रात्रीची जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातच फरशीवर मोठा कागद पसरायचा, आई ओट्यापाशी भांडी पुसते आहे, आणि मला त्या कागदावर पाय ठेवायची सक्त मनाई. दहावीत असताना मी मोठ्या तोऱ्यात एका मैत्रिणीला शब्द देऊन आले होते की तिच्या वडिलांना लक्ष्मीपूजनाची सुट्टी मिळेल, मी अण्णांना सांगते. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. ‘यादीत नाव असतं, नातं नसतं,’ एवढंच म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी मला तिच्या घरी माफी मागायला पाठवलंत. डेपोतले लोक तुम्हाला खडूस म्हणायचे, पण वशिलेबाज कुणी म्हणालं नाही. तुम्ही स्वतःलाही सूट देत नाही, हे तर मला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मी नऊ वर्षांची असताना आईचं दुसरं बाळ पोटातच गेलं. सरकारी दवाखान्याच्या बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन मी सकाळपासून बसले होते आणि येता-जाता नर्स विचारत होती, तुझे वडील कधी येणार? तुम्ही ड्यूटी संपवून दिवेलागणीला आलात. बदली माणूस नव्हता, म्हणालात. ते खरंही असेल. मी तुम्हाला त्याबद्दल कधी माफ केलं नाही, आणि केलेलं नाही हे तुम्हाला कळूही दिलं नाही.

कतारची नाकेबंदी झाली तेव्हा मी लुसैलला एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात होते. रजा, व्हिसा, तिकिटं हे माझं काम. रमझान चालू होता. एका सकाळी शेजारच्या देशांनी जमीन, समुद्र, आकाश सगळंच बंद केलं, आणि मी राहायचे त्या बिन ओमरान भागातल्या दुकानात दुपारपर्यंत दुधाचं एक खोकं उरलं नाही. तुम्ही फोनवर विचारलंत, युद्ध आहे का गं? मी म्हटलं, गोळी एकही सुटलेली नाही, पण माणसं युद्ध असल्यासारखीच वागतायत. आमच्या वरच्या मजल्यावरची बाई वीस किलो पीठ घेऊन आली आणि जिन्यातच रडत बसली. मग तुर्कस्तानचं दूध आलं, विमानाने गायी आल्या, उंच उंच इमारतींवर राजाची चित्रं चढली आणि जो तो छाती काढून सांगायला लागला की आम्हाला काही होत नाही. फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या मॅच व्हायच्याच होत्या, तेव्हा बांधकाम थांबवून चालणार नव्हतं. दगड आणि लोखंड दुसरीकडून मागवता येत होतं. माणसं तशी मागवता येईनात, म्हणून होती त्यांनाच धरून ठेवलं. त्या वेळी इथून बाहेर पडायला मालकाची परवानगी लागायची. कंपनीने आधी सगळ्या रजा रद्द केल्या, मग रोज दोघांना सोडायचं ठरलं, आणि ती यादी माझ्या टेबलावर आली.

मालवणकडचा एक सुतार रोज माझ्या खिडकीशी यायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ‘ताई, माझो नंबर कधी येतलो?’ मी कागद फिरवून त्याला त्याचं नाव दाखवायचे. लग्नाच्या दिवशीही तो साइटवरच होता. माझ्या खिडकीबाहेरच्या सावलीत उभं राहून त्याने फोनवर अक्षता पडताना पाहिल्या, आणि संध्याकाळी मला मिठाई आणून दिली. ती मी खाल्ली, याची आजही लाज वाटते.

त्याच दिवसांत तुमच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं. डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली. रोज कामावर निघण्याआधी मी फोन करते आणि तुम्ही तब्येतीचं दोन वाक्यांत उरकून विचारता, ‘तुझा नंबर कितवा?’ एकेचाळीस, मी सांगते. मग एकोणचाळीस, सदतीस. तुम्ही लगेच आकडेमोड करता, म्हणजे गुरुवारपर्यंत तिसाच्या आत येशील. आई सांगते, तुम्ही उशाशी कॅलेंडर ठेवून त्यावर खुणा करायचात. नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि तुम्ही माझी ड्यूटी लावत होतात. मी नवावर असताना तुम्ही गेलात. मी तेराव्याला पोचले, तेव्हा आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जमलेल्या सगळ्यांदेखत म्हणाली, अण्णांची मुलगी शोभतेस.

आता तिला जे सांगितलेलं नाही ते सांगते. निदान कळलं त्याच दिवशी आमचा मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला. लेबनॉनचा, एरवी अतिशय तिरसट माणूस. ‘यल्ला, चल, तू आजच नीघ, मी सही करतो,’ म्हणाला, आणि उभ्याउभ्या त्याने सही केलीसुद्धा. मी म्हटलं, खिडकीबाहेर एवढे लोक ताटकळलेत, मी कशी जाऊ? तो कागद माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. मी कुणी फार मोठ्या मनाची बाई आहे असं त्याला वाटलं असावं, आणि थोडा वेळ मलाही तसंच वाटलं. पण संध्याकाळी ऑफिसातून घरी परतताना मला कळून चुकलं होतं की सुताराचा आणि त्या बाकीच्यांचा यात काडीचा संबंध नाही. मला तुम्हाला थांबवून ठेवायचं होतं. त्या बाकावर मी जशी दाराकडे डोळे लावून बसले होते, तसं तुम्हीही चार दिवस बसावं, एवढंच. मग मी येणारच होते. चाराचे आठ झाले. ‘आज लागला नंबर’ एवढं म्हणायचं होतं, आणि ते मी रोज उद्यावर ढकलत गेले. तुम्ही इतक्या लवकर जाल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

अण्णा, त्या यादीत माझं नाव नव्हतंच. सही केलेली परवानगी माझ्या खणात होती. तुम्हाला जे आकडे सांगितले ते मी फोन लावता लावता मनाने ठरवायचे. एकदा चुकले. आदल्या दिवशी पंचवीस सांगितलं होतं आणि त्या सकाळी सत्तावीस म्हणून बसले. तुम्ही उशाचं कॅलेंडर ओढून घेतल्याचं फोनवर ऐकू आलं. मग म्हणालात, ‘होतं असं. मध्येच कोणीतरी तातडीचं घुसलं असेल.’ तुमच्या यादीत तीस वर्षांत मध्येच कोणी घुसल्याचं मी ऐकलेलं नाही. तुम्हाला कळलं आहे, हे मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी आकडा कागदावर लिहून ठेवायला लागले, म्हणजे पुन्हा चूक होऊ नये.