हजारात एखाद्याला

४ मार्च
मुतखडा दादाचा आणि उपाशी मी! ऑपरेशन संपेपर्यंत पाण्याचा घोटही घशाखाली उतरला नाही. पाठीतून दुर्बीण घालून डाव्या किडनीतला खडा फोडला. डॉक्टर म्हणाले, "सगळा निघाला. परवा घरी न्या." बस चालवताना लघवीला थांबायला नको म्हणून हा माणूस दिवसभर पाणी पीत नाही — मग खडा होईल नाही तर काय मोती?

६ मार्च
ताप. ऑपरेशननंतर पाठीत ठेवलेल्या नळीत आज शेणासारखं काहीतरी. वासच सांगत होता. सिस्टर म्हणे, "येतं असं कधीकधी." किडनीच्या नळीतून? वहिनीला रडू आवरेना. मी तिथेच आवाज चढवला.

७ मार्च
पुन्हा स्कॅन. खड्याकडे जाताना सुई मोठ्या आतड्यातून आरपार गेली! दादाचं आतडं किडनीच्या मागे आहे म्हणे, तिथे ते नसतं. डॉक्टर: "फार दुर्मिळ. हजारात एखाद्याला होतं." आमच्याकडे हजार दादा नाहीत, असं तोंडावर सांगून आले. अकरा वर्षं स्कॅन सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करतेय मी. असं आतडं आधीच्या स्कॅनमध्ये दिसतं, एवढं मलाही कळतं. तो स्कॅन तर आमच्याच सेंटरला काढला होता. यांनी डोळे काय गहाण टाकले होते?

९ मार्च
काल पोट उघडलं. आता तीन महिने शी पोटावरच्या पिशवीत. दादा म्हणतो, "आधी एकासाठी थांबायचो नाही, आता दुसऱ्यासाठीही नको." वहिनी हसली. मला नाही हसू आलं. तीन महिने बस नाही, पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही.

१२ मार्च
तक्रार लिहिली. चार पानं. एवढी शिकलेली माणसं, पण चूक कबूल करायची म्हटलं की दातखीळ बसते. दादा म्हणाला, "जाऊ दे गं." का जाऊ दे?

१३ मार्च
जोडायला जुना रिपोर्ट काढला. "आतडी नेहमीच्या जागी." खाली आमच्या साहेबांची सही! म्हणजे सर्जनला कळणार कुठून? आता साहेबांनाही सोडणार नाही, नोकरी गेली तर गेली. ते रिपोर्ट बोलून रेकॉर्ड करतात, मी टाइप करते. रेकॉर्डिंग असेलच. उद्या पुरावा म्हणून काढते.

१४ मार्च
ऐकलं. साहेब स्पष्ट बोललेत — "मोठं आतडं डाव्या किडनीच्या मागे. सर्जनना आवर्जून कळवा." दादाचा रिपोर्ट लवकर हातात पडावा म्हणून मी आधीच्या पेशंटचा रिपोर्ट उघडून त्यातलं नाव आणि खड्याचं माप तेवढं बदललं होतं. नेहमी तसंच करते. पुढचं रेकॉर्डिंग ऐकलंच नव्हतं. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

सकाळी दादाला सांगायचंय. वहिनी तिथेच असेल.