मुदतीआधी उचललेली इस्त्री

प्रिय पुतणेबुवा,

परगावी जाताना माझ्यासाठी ठेवलेले तुझे पत्र वाचले. त्यात तू लिहितोस की, लॉन्ड्रीवाल्या बाई सामानसुमान घेऊन पसार होत होत्या, म्हणून तू त्यांची वाफेची मोठी इस्त्री उचलून आपल्या गोदामात आणलीस. वाक्य शुद्ध आहे, मजकूर नाही. टेम्पोत तुला दिसला तो इस्त्रीला वाफ पुरवणारा बॉयलर. तो तपासणीला निघाला होता. त्याची दरवर्षी तपासणी व्हावी, ही अट तूच सांगितलीस आणि बाईंच्या कर्जाच्या करारात मी लिहिली. बाईंनी तुझी अट पाळली आणि तू त्यांना फरार ठरवलेस.

'यात बेकायदेशीर ते काय?' असे विचारतोस. हप्ता चुकला तर इस्त्री आपली, एवढेच करारात आहे. हप्ता चुकेल अशी तुला धास्ती वाटणे म्हणजे हप्ता चुकणे नव्हे. कर्जदार खरोखरच माल लांबवत असेल, तर कोर्टापुढे कारणे मांडून हुकूम मिळवावा. तू दोन हमाल मिळवलेस.

काल मी लॉन्ड्रीत गेलो. रुग्णालयाच्या ओल्या चादरी दोऱ्यांवर, खुर्च्यांवर, चक्क गल्ल्यावरसुद्धा पसरल्या होत्या. बाई साध्या हातइस्त्रीने एकेक चादर उरकत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या काका! आता काय न्यायचं राहिलंय? मलाच न्या, दोन वेळा जेवायला तरी घालाल." मी हसलो नाही, त्या मात्र हसल्या. शनिवारपर्यंत चादरी पोहोचल्या नाहीत, तर रुग्णालयाचे काम सुटेल. काम सुटले की हप्ता बुडेल. जे घडेल म्हणून तू घाबरलास, ते तूच घडवायला निघाला होतास.

तुझे वडील गेल्यापासून मी तुला कधी आडवा आलो नाही. हे पत्रही उपदेशासाठी नाही. परतल्यावर गोदाम रिकामे पाहून चोरी झाली म्हणून गाव गोळा करशील, एवढ्यासाठी लिहितो. तारखा दुरुस्त करून घे:

सोमवार, ३: बॉयलर तपासणीला गेला. बाई कुठेही गेल्या नाहीत.
मंगळवार, ४: तू इस्त्री नेलीस. ('जप्त केली' असे लिहू नये, तो अधिकार कोर्टाचा.)
बुधवार, ५: बॉयलर तपासून परत आला.
गुरुवार, ६, म्हणजे आज: इस्त्री मी परत नेऊन बसवून दिली. हमाली माझ्याकडून.
रविवार, ३०: हप्त्याची मुदत. त्याआधी पुन्हा हमाल पाठवलेस, तर कोर्टात बाईंच्या बाजूचा साक्षीदार मी असेन.

तरीही तुझाच,
काका