गाडी तापलीय म्हणजे नक्की कोण

वहिनी,

तुझा जरा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. दादाच्या डोक्याला टाके पडलेत. शुद्धीवर आहे, नर्सला शिव्या देतोय, म्हणजे मेंदूला काही झालेलं नाही. संध्याकाळी घरी सोडतील.

चूक माझीच. दादा हात उचलायला लागला की तू मला फोनवर ‘गाडी तापलीय’ म्हणायचं, हे आपणच ठरवलं होतं. आज खरोखरच पिकअप तापली असेल हे मला कसं सुचणार? धावत आलो, तो बॉनेटखाली वाकलेला दिसला, आणि डोक्यात पाना हाणला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बिचारा नुसतं पाणी बघत होता.

रक्त धुताना गळती सापडली. तू पाणी घालायला विसरली नव्हतीस. मागे तू दारं लावून गाडीत बसलीस आणि त्याने समोरून लाथा घातल्या, तिथेच रेडिएटर खालून चिरलाय. मी ती चीर बुजवलीय. तुझ्या माहेरापर्यंत टिकेल.

पाण्याचे कॅन मागे ठेवलेत. तापमानाचा काटा चढला तर हीटर पूर्ण चालू कर, इंजिनची उष्णता ओढून घेतो, आणि गाडी बाजूला घे. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, तोंड भाजेल. पिल्लूला शाळेतून परस्पर घे. गाडी गॅरेजला दिलीय असं मी दादाला सांगितलंय. मी त्याच्याजवळच बसतो.

वाटेत बंद पडली तर तिथेच टाकून बस धर. गाडी मी नंतर ओढून आणीन. तुला न्यायला मात्र मी आलो, तरी येऊ नकोस.

— धाकटा